पाचव्या ओळीचे टाके

पाचवी ओळ हातात घेतली की ओठ बधिर होतात, हे तुळशीबाईनं बरेच दिवस कोणाला सांगितलंच नाही. मला तर मुळीच नाही. मी कोकिळा, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. अंगणवाडीत होते तोवर गावाची पोरं सांभाळली आणि आता गावाच्या चौकशा सांभाळते, असं तीच म्हणते. लोणखेड्याच्या आमच्या गल्लीत तिच्याशी सगळ्यात जास्त भांडण माझं, आणि चहापत्ती मागायला सगळ्यात जास्त जाणंयेणंही माझंच. तरी सांगितलं नाही. असली घुमी बाई!

तिचा नवरा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात होता. तो गेल्यापासून तुळशीबाई गोधड्या शिवते. हात इतका बारीक की शहाद्याहून लोक जुनी लुगडी घेऊन येतात. पण ती तुकडे मांडून बसली की तिच्या घरात पाय टाकायची सोय नाही. माझ्या पदरानं एकदा तिची एक ओळ विस्कटली, तर बाईनं माझ्याकडे बघणंच सोडलं. मी म्हटलं, अगं चिंध्याच त्या, सोनं आहे का!  सगळे तुकडे पुन्हा उचलले, पुन्हा पहिल्यापासून मांडले, आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

तुकडे क्रमात ठेवायची तिची रीत तिची स्वतःची. सगळे तुकडे वीतभर. एका ओळीचे तुकडे एका दोऱ्यात ओवायचे, वरचा वर, खालचा खाली. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं बारीक टाके घालायचे. पहिल्या ओळीच्या तुकड्यांना एक टाका, दुसऱ्या ओळीच्यांना दोन, असं पुढे. ओळ तुटली, वारा आला, मांजर नाचलं, तरी कोपरा बघितला की तुकडा कुठल्या ओळीचा ते कळतं. आणि शिवताना पुढचा तुकडा ती ओठांत धरून ठेवायची. दोन्ही हात कामात, मांडीवर गोधडी, मग पुढचा तुकडा खाली ठेवला तर भलताच उचलला जातो म्हणे. ओठांतला चुकत नाही. ही सवय तिला तिच्या आईपासूनची.

यंदा तिची लेक रिना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सुरतेला कामाला, सासर नवापूरचं. नातवंड येणार म्हटल्यावर तुळशीबाई दुसऱ्या कोणाची गोधडी हातात घेईना. तिच्या घरात बाळाची पहिली गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. गल्लीतल्या घराघरांतून वापरलेलं कापड मागायचं, एका घराची एक ओळ करायची, आणि घरं गल्लीत जशी उभी आहेत तशाच ओळी लावायच्या. बाळ झोपलं की सगळी गल्ली त्याच्याभोवती झोपली पाहिजे. दिलेल्या घरानं एकदा धुऊन दिलं, बस. मागून आणलेलं कापड आपण पुन्हा धुवायचं नाही. धुतलं तर त्या घरानं मायेनं दिलेलं सगळं पाण्यात गेलं, असं तिची आई सांगायची. रिनाही अशाच न धुतलेल्या गोधडीत वाढली होती.

पहिली ओळ तिच्या स्वतःच्या घराची. त्यासाठी तिनं नवऱ्याचे ठेवलेले दोन सदरे काढले, एक कापला, दुसरा कापवेना म्हणून पुन्हा पेटीत ठेवला. दुसरी ओळ माझी. मी माझी चांगली नारिंगी रंगाची साडी दिली, आणि दिली म्हणून चार जणींना सांगितलंसुद्धा. पाचवी आणि शेवटची ओळ नाल्याकडच्या घराची, पितांबरच्या.

पितांबर लोकांच्या शेतात फवारणीला जातो. कापूस, पपई, मिरची, ज्याचं बोलावणं येईल तिथे पाठीवर पंप. पण गल्लीत त्याची ओळख वेगळीच. चालताना झोल जातो, हात थरथरतो, बोलताना लाळ गळते, कामावरून आला की ओट्यावर बसल्याबसल्या मान टाकतो. पोरं त्याला टुन्न म्हणतात. त्याची बायको सोमीबाई सांगायची, तो पीत नाही गं, शपथ घालते. आम्ही मान हलवायचो आणि ती वळली की एकमेकींकडे बघून हसायचो. दारुड्याच्या बायकोनं दुसरं काय सांगायचं?

तिच्याकडे कापड मागायला जाऊ नकोस, असं दोन-तीन जणींनी तुळशीबाईला सुचवलं. तुळशीबाई गेली. गल्ली म्हणजे गल्ली, शेवटचं घर काय उपटून टाकू का, असं तिनं मलाच सुनावलं. सोमीबाईला इतका आनंद झाला की तिनं नवऱ्याचा सगळ्यात मऊ सदरा काढून दिला. निळा, बारीक रेघांचा. धुऊन धुऊन तो अगदी मलमलीसारखा झाला होता. पुन्हा पुन्हा का धुवावा लागला, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आधी मांजर गेलं.

तुळशीबाईचं पांढरं मांजर तुकड्यांच्या टोपलीत झोपायचं आणि रोज शिव्या खायचं. ओवलेल्या ओळींमध्ये त्याला निळी ओळच आवडायची, मऊ म्हणून. एका सकाळी ते टोपलीतून उतरलं ते तिरकंच. चार पावलं गेलं आणि अंग झाडायला लागलं. तोंडातून फेस, मागचे पाय ताठ. रिना घाबरून ओरडली. मी पाणी आणलं, पण त्यानं तोंडच लावलं नाही. तुळशीवृंदावनामागे जाऊन पडलं ते पडलंच. उंदराचं औषध खाल्लं असेल असं आम्ही ठरवलं. दारात बाळंतीण होणारी पोर आणि घरात मांजर असं मरतं, मला ते अजिबात बरं वाटलं नाही. 

मग तुळशीबाई. सुईत दोरा ओवणं हे तिचं डोळे मिटून करायचं काम, आणि ती माझ्याकडे सुई घेऊन आली. दिसेना म्हणे. धूर भरल्यासारखं होतंय. कपाळावर घाम, आणि पदरानं सारखं तोंड पुसत होती. मी म्हटलं पित्त झालंय, झोप. झोपली, दुसऱ्या दिवशी बरी झाली, आणि बरी झाल्याबरोबर पुन्हा गोधडी घेऊन बसली. पुन्हा तेच. पोटात पिळवटलं, ओठ बधिर झाले, हाताची बोटं आपोआप उडायला लागली. तेव्हा कुठे तिनं मला सांगितलं, की पहिल्या चार ओळी शिवताना काही होत नाही. पाचवी घेतली की होतं.

मी मीठमोहरी उतरवली. हो, उतरवली, अंगणवाडीतली बाई असून उतरवली. माझ्या मनात नजरच आली. आणि गल्लीच्या मनात त्याच्या पुढचं आलं. पाचवी ओळ कोणाची? सोमीची. तिला स्वतःला मूलबाळ नाही. मग काय, एकीनं डाकीण म्हटलं, दुसरीनं तिखटमीठ लावलं, आणि संध्याकाळपर्यंत सोमीबाई नळावर आली की बायका हंडे उचलून मागे सरकायला लागल्या. तिला कारण कळेना. ती बिचारी सगळ्यांकडे पाहून हसायचा प्रयत्न करत होती. आमच्या भागात असल्या बोलण्यानं बायकांची डोकी फुटलेली मला माहीत आहेत. मला भीती वाटली, आणि मी गप्प बसणारी नाही, मी नळावर दोघींना झापलं. पण तोंडं काही बंद झाली नाहीत.

त्याच आठवड्यात रिनाला मुलगा झाला. सगळं सुखरूप. तुळशीबाईनं नातवाचं तोंड पाहिलं आणि हट्टच धरला, बारशाला गोधडी झालीच पाहिजे. वरचा थर जोडून झाला की धावदोरा घालायला वेळ लागणार नव्हता. राईची उशीही करायची होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून राईच्या दाण्यांची छोटी उशी देतात ना, ती. राई निवडून डब्यात ठेवली होती, फक्त खोळ बाकी होती. ती पाचवी ओळ घेऊन उन्हात बसली, पहिला तुकडा हातात, दुसरा ओठांत. मी शेवयांचं पीठ मागायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. घामानं लुगडं चिकटलेलं, तोंडातून लाळ, आणि श्वास घुरघुर वाजत होता. तुकडा अजून ओठांतच होता. मी तो ओढून काढला आणि किंचाळले.

रिक्षात घालून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मला पहिलंच विचारलं, फवारणीला गेल्या होत्या का? मी म्हटलं, साहेब, ही बाई कित्येक वर्षांत शेताच्या बांधावर गेली नाही. मग काही प्यायल्या का, घरात भांडण झालं का? मला रागच आला. नातू झालेली बाई औषध कशाला पिईल? ते शांतपणे म्हणाले, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, हे फवारणीच्या औषधाचंच विष आहे, अंगात कुठून तरी जातंय. आठवा. त्यांनी सलाईन लावलं, सुया सुरू केल्या आणि मला बाकावर आठवत बसवलं. मला काही आठवेना. मी आपली विहीर, भाजी, पाणी असंच घोकत होते.

इकडे घरी रिनाजवळ तिची नणंद रोशनी होती. बाळंतिणीच्या मदतीला नवापूरहून आलेली, शिवणाचा क्लास केलेली, हौशी पोरगी. मन चांगलं हो तिचं, त्याला नाव ठेवणार नाही मी. तिला वाटलं, तुळशीमावशी आजारी पडल्या, बारसं तोंडावर, गोधडी आपणच पूर्ण करू आणि त्यांना खूश करू. टोपली काढली. एका ओळीत सगळे निळे, एका ओळीत सगळे नारिंगी, हे तिला काही बरं दिसेना. तिनं दोरे कापले, जोडलेल्या ओळी उसवल्या, सगळ्या घरांचे तुकडे मिसळून रंग छान फिरवले, आणि पलीकडच्या गल्लीतल्या मशीनवर दोन दुपारांत वरचा थर जोडून अस्तर लावून आणलं. तिसऱ्या दिवशी बाळ त्यात गुंडाळलं गेलं.

त्याच दिवशी तुळशीबाई नीट शुद्धीवर आली. डॉक्टर तिच्याजवळ बसून विचारत होते, तोंडात काय घालत होता, हाताला काय लागत होतं. ती छताकडे बघत राहिली. मग तिचा हात माझ्या मनगटावर आला, आणि तो हात बर्फासारखा गार होता.

"कोकिळे, पाचवी ओळ. पितांबरना सदरा."

डॉक्टर उठूनच उभे राहिले. कापडात मुरलेलं औषध धुऊनही पुरतं जात नाही, त्यांनी सांगितलं, आणि तान्ह्या बाळाला त्यातलं थोडंसुद्धा फार होतं. मी फोन लावला. रिनानं उचलला. मी विचारलं, गोधडी कुठे आहे? ती म्हणाली, बाळावर. मी विचारलं, बाळ कसं आहे? तर कौतुकानं सांगायला लागली.

"लई शांत शे मावशी. रडतबी नई, नुसता झोपस."

 मी ओरडले, आधी गोधडी काढ, लांब फेक, बाळाला पाण्यानं पूस, अंगावरचं बदल. तिनं सगळं केलं. परत फोन करून सांगितलं, काढली मावशी, पिशवीत बांधली, बाळाला स्वच्छ पुसलं, दुपट्यात गुंडाळून पुन्हा झोपवलं. मी बाकावर बसून रडले. डॉक्टर म्हणाले बाळाला लगेच घेऊन या, आणि ती पिशवीही आणा, मी बघतो. जावयाच्या ओळखीचा दिनेश रिक्षा घेऊन निघाला. पण वाटेत पुलाजवळ रस्ता खोदलेला, त्याला वळसा पडला. त्याच्याआधी गावातला एक मोटरसायकलवाला खोदकामातून वाट काढून नुसती पिशवी घेऊन पोहोचला. पोत्याएवढी, जाड पारदर्शक प्लास्टिकची, आत सैल कोंबलेली गोधडी.

तुळशीबाईनं ती मागितली. डॉक्टरांनी हात लावू दिला नाही, पिशवी न उघडता तिच्यासमोर पसरून धरायला सांगितली. मी एका बाजूनं धरली, नर्सनं दुसऱ्या बाजूनं. गोधडी खरंच सुंदर दिसत होती. तुळशीबाईचा चेहरा मात्र पडला. तिच्या ओळी कुठेच नव्हत्या. निळे तुकडे इकडेतिकडे पसरले होते, त्यात दुसऱ्या कोणाच्या घरचंही निळं होतं. ती बोटानं प्लास्टिकवरून एकेक कोपरा चाचपायला लागली. लाल टाके. एक टाका, तीन टाके, पाच टाके. मी म्हटलं, अगं राहू दे आता, बाळावरून काढली ना ती, सगळी पुरून टाकू. ती ऐकेना. ओठ हलत होते. पिशवी उलट्या टोकानं धरायला लावली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला तिची चीड आली, खरं सांगते. मरणाच्या दारातून आलेली बाई, आणि अजून चिंध्या क्रमात लावतेय.

मग ती थांबली.

"पाचवीना एक कमी शे."

मला आधी कळेना. कमी तर कमी, शिवताना कापला गेला असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी जीभ जागच्या जागी राहिली. मग हळूच म्हणाली, "राईनी उशी."

फोन लावला तर लागेना. पुन्हा लावला. रोशनीनं उचलला. मी विचारलं, उशीला खोळ कुठल्या कापडाची लावलीस? ती आनंदानं म्हणाली, निळ्या रेघांचं होतं ना, सगळ्यात मऊ होतं, बाळाच्या गालाला लागू नये म्हणून तेच घेतलं. बाळ आणि रिना रिक्षात होते. आणि उशी? उशी रिक्षात रिनाच्या मांडीवर, बाळाच्या डोक्याखाली. रिनाचा फोन घरीच राहिला होता. दिनेश रिक्षा चालवताना फोन उचलत नाही, शहाणा माणूस, एरवी मी त्याचं कौतुक करते. त्या वेळी मी त्याला दिलेल्या शिव्या दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकल्या.

मी रस्त्यावर पळत गेले. रिक्षा दिसली तशी मधोमध उभी राहिले. रिनाच्या मांडीवर बाळ, गाल निळ्या रेघांवर टेकलेला, ओठांच्या कडेला लाळेची बारीक धार, आणि अंग इतकं ढिलं की हात खाली लोंबत होता. मी उशी हिसकली आणि बाळाला उचलून आत पळाले. तुळशीबाई कॉटवरून उतरायला बघत होती, नर्सनं धरून ठेवलं होतं. आतलं दार बंद झालं.  तुळशीबाईची बोटं चादरीच्या कोपऱ्यावर टाके चाचपत होती, जिथे टाके नव्हतेच.

बाळ रडलं तेव्हा मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाचं तरी आहे. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. रिना भिंतीला टेकून खाली बसली. तुळशीबाईनं डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत.

गोधडी आणि उशी गावाबाहेर खोल खड्डा करून पुरली. माझी नारिंगी साडी गेली, तिच्या नवऱ्याचा सदरा गेला, सगळी गल्ली मातीत गेली. रोशनी रडरड रडली. तुळशीबाई तिला रागावली नाही. न धुण्याची रीत मात्र तिनं त्याच दिवशी मोडली. ज्या बायका नळावर हंडे मागे घेत होत्या त्या आता म्हणायला लागल्या, अगंबाई, नजर नव्हतीच, औषध होतं. जळली मेली तोंडं!

घरी आल्यावर तुळशीबाई काठी टेकत पहिली कुठे गेली, तर शेवटच्या घरी. मी सोबत होते. पितांबर ओट्यावर मान टाकून बसला होता, ओठांच्या कडेला तीच लाळेची बारीक धार. हात मांडीवर थरथरत होता, बोटं आपोआप उडत होती. तुळशीबाई त्या बोटांकडे बघत राहिली, आणि मग मी तिच्याकडे. आम्हा दोघींनाही एकदमच कळलं.

"एक वीतना तुकडा व्हता, कोकिळे," ती पितांबरकडे बोट करून म्हणाली. "हाऊ ते आख्खा सदरा घालस."

सोमीबाई दारात उभी होती.  बोलायचं ते ती वर्षानुवर्षं बोलतच आली होती, तो पीत नाही गं म्हणून. माझा चेहरा गरम झाला. तुळशीबाईनं पितांबरचे सगळे सदरे मागून घेतले, पुरायला म्हणून काठीनं पोत्यात ढकलले, आणि पेटीतला आपल्या नवऱ्याचा न कापलेला सदरा आणून त्याच्या अंगावर घातला. त्याला बजावलं, डॉक्टरकडे चल, पंप ठेव. त्यानं बाही चाचपली, लाजून हसला. म्हणाला, जाईन की, पपईची ही एवढी फवारणी झाली की जातो. मालकाला शब्द दिलाय, आणि काम सोडून खाऊ काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीबाई नातवाला घेऊन दारात बसली होती, मी चहा घेऊन गेले होते. पितांबर पंप पाठीवर घेऊन आमच्यासमोरून गेला. तोच सदरा, पांढरा, इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तुळशीबाईनं हाक मारली. त्यानं वळून न बघता हात वर केला. हात थरथरत होता. पाठीवर पंपाखाली एक ओला डाग होता, गोधडीच्या एका तुकड्याएवढा. गल्लीच्या वळणाशी तो गेला तोवर डाग दोन तुकड्यांएवढा झाला होता.